लुआरची ड्राय व्हाइट वाइन: बाग पारखण्यापासून पेल्यात ओतण्यापर्यंत

फ्रान्सची ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ सगळी आंबवून टाकलेली, गोड नसलेली व्हाइट वाइन सांगलीत येते ती बहुतेक वेळा परदेशातून परतलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा पुण्या-मुंबईच्या दुकानातून, आणि घरात आल्यावर तिचे नेमके काय करायचे हे कोणी सांगितलेले नसल्यामुळे ती दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये उभी केली जाते. मार्च ते मे असा चाळीस अंशांच्या आसपासचा उन्हाळा तिने तिथे काढला, की दिवाळीत उघडताना रंग तपकिरीकडे झुकलेला असतो, वास कापून ठेवलेल्या जुन्या सफरचंदाचा येतो आणि पहिलाच घोट घेणाऱ्याचे फ्रेंच वाइनबद्दलचे मत कायमचे बिघडते. हे टाळणे अजिबात अवघड नाही. बाटली निवडताना, आणताना, ठेवताना आणि वाढताना काय पाहावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

सांगली, तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या भागातील वाचकासाठी वाइनबद्दल लिहिताना एक मोठी सोय असते. काडी, डोळा, घड, ब्रिक्स, डाऊनी, भुरी, मोरचूद, गंधकाची धुरी हे शब्द ज्या घरात रोज कानावर पडतात, त्या घराला वाइनतज्ज्ञांची परिभाषा पाठ करावी लागत नाही. बागायतदार दुसऱ्याच्या बागेत गेल्यावर जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न बाटलीलाही विचारता येतात आणि त्यांची उत्तरे बहुतांशी लेबलावर, रंगात आणि चवीत सापडतात.

फ्रान्समधील ड्राय व्हाइट वाइनचे प्रकार पुष्कळ आहेत. सुरुवात लुआर नदीच्या खोऱ्यातील शेनिन ब्लां या जातीच्या वाइनने करावी, असा माझा आग्रह आहे, कारण ही जात महाराष्ट्राला परकी राहिलेली नाही. नाशिक परिसरात व्हाइट वाइनसाठी ती मोठ्या प्रमाणावर लावली जाते, आणि त्यामुळे एकाच जातीची तिथली आणि इथली वाइन शेजारी ठेवून चाखण्याची संधी आपल्याला मिळते. लुआरमध्ये शेनिनसाठी दोन नावे लक्षात ठेवावीत. तूर शहराच्या पूर्वेला नदीच्या उत्तर काठावर वूव्रे आहे, आणि पश्चिमेकडे आंजे शहराजवळ त्याच काठावर साव्हेनिएर आहे. वूव्रेला १९३६ मध्ये आणि साव्हेनिएरला १९५२ मध्ये अपेलासियोंचा, म्हणजे संरक्षित मूळस्थानाचा दर्जा मिळाला. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला जे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याच जातकुळीची ही व्यवस्था आहे. मात्र तिथे कोणती जात लावायची, कोणत्या शिवारात लावायची, हेक्टरी उत्पादन किती घ्यायचे आणि किती साखर भरल्यावर तोडणी करायची, हेही नियमांनी बांधलेले असते.

बाग पारंपरिक आहे म्हणजे काय आहे

दुकानदार "पारंपरिक शेतीची वाइन आहे" असे सांगतो तेव्हा त्यामागे काय असायला हवे, हे समजून घेण्यासाठी आधी तिथल्या वेलीचे वर्ष पाहावे लागते. सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि लुआरचे हे पट्टे ४७ अंशांवर आहेत. आपली वेल झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी अशा दोन छाटण्या घेऊन एक पीक काढतो. तिथे नोव्हेंबरमध्ये पाने गळतात, वेल हिवाळाभर झोपते, त्या काळात एकदाच छाटणी होते, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या सुमारास फुलोरा येतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे फुलोऱ्यात सापडलेला अवकाळी पाऊस जसा वर्षाचे गणित बिघडवतो, तसा तिथे एप्रिलमधील दहिवराचा कडाका कोवळी फूट जाळून टाकतो. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील द्राक्षपट्ट्यांना अशाच थंडीने फार मोठा फटका दिला आणि शेतकऱ्यांनी रात्रभर बागेत शेकोट्या व मोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या. बाटलीवर वर्ष छापलेले असते ते याच कारणासाठी. ते त्या हंगामाचे वर्ष असते, आणि दोन वर्षांच्या वाइन एकसारख्या नसतात.

पण तोडणीपूर्वीच्या थंड रात्रींमुळेच तिथल्या शेनिनला तिचे खरे बळ मिळते. मण्यात साखर भरत असताना आम्ल जळून जात नाही, आणि म्हणून साखर जवळजवळ पूर्ण आंबवून टाकली तरी वाइन सपक लागत नाही. रसात लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते, हा हिशेब धरला तर १३ टक्क्यांच्या ड्राय वाइनसाठी लिटरमागे सुमारे २२० ग्रॅम साखर लागते. रिफ्रॅक्टोमीटर हातात धरणाऱ्याला हे सांगण्याचे कारण असे, की बेदाण्यासाठी आपण ज्या गोडीची वाट पाहतो त्याच्या जवळपासची ही गोडी आहे. पण त्या गोडीला तिथे जे आंबटपण शिल्लक असते, ते आपल्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात राहत नाही.

उत्पादनाचा प्रश्न बागायतदाराच्या मनात लगेच येतो. वूव्रेच्या साध्या, म्हणजे बुडबुड्यांशिवायच्या वाइनसाठी हेक्टरी मर्यादा पन्नास हेक्टोलिटरच्या (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) आसपास आहे, आणि त्याचे द्राक्षात रूपांतर केले तर एकरी तीन टनांच्या आतबाहेर माल होतो. एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या तासगावच्या शेतकऱ्याला हा आकडा नुकसानीचा वाटेल. खाण्याच्या द्राक्षाला जीए हे वाढ संजीवक देऊन मणी लांबवावा लागतो, फुगवावा लागतो. वाइनच्या द्राक्षाला लहान मणी, जाड साल आणि दाट रस लागतो. पारंपरिक बागांमध्ये उत्पादन या कायदेशीर मर्यादेच्याही खाली ठेवले जाते, आणि बाटलीच्या किमतीचा एक भाग तिथून येतो.

आता फवारणीविषयी. पारंपरिक किंवा सेंद्रिय बाग म्हणजे फवारणीच नसलेली बाग, असा समज पुष्कळांचा असतो आणि तो चुकीचा आहे. डाऊनी हा पानांवरचा रोग फ्रान्समध्ये १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून पोहोचला. बोर्डो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांना असे दिसले, की चोरांनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता, त्या वेलींची पाने मात्र शाबूत राहिली होती. त्यावर प्रयोग करून त्यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण जाहीर केले, आणि तेच बोर्डो मिश्रण आज सावळज-मणेराजुरीच्या बागांमध्ये ड्रममध्ये ढवळले जाते. फ्रान्सचे सेंद्रिय शेतकरीही तेच वापरतात. युरोपच्या नियमांनुसार त्यांना सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोपर्यंतच तांबे वापरता येते, कारण तांबे जमिनीत साठत जाते. भुरीसाठी ते गंधक वापरतात. मुळांवरील फिलॉक्सेरा या किडीने १८६० च्या दशकापासून तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्यावर अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलम करण्याचा मार्ग सापडला, आणि आपला डॉगरीज हाही मूळचा अमेरिकन खुंटच आहे. एवढे समान धागे असताना फ्रेंच बागेकडे अद्भुत वस्तू म्हणून पाहण्याचे कारण नाही. तिथल्या शेतकऱ्याने कोणत्या बाबतीत घाई केली नाही, तेवढेच शोधायचे असते.

ते शोधण्यासाठी चार गोष्टी विचाराव्यात. तण मारण्यासाठी तणनाशक वापरतात की नांगरट आणि गवत यांचा मेळ घालतात. तोडणी यंत्राने होते की हाताने, आणि हाताने होत असेल तर पिकलेले घड निवडत एकाच बागेतून दोन-तीन वेळा फिरतात का. रस आंबवण्यासाठी विकतचे यीस्ट घालतात की मण्यांबरोबर आणि तळघरात असलेले यीस्ट काम करते. आणि आंबवण हिवाळ्यापर्यंत सावकाश चालू देतात का. वूव्रेमध्ये या कामासाठी तूफो नावाच्या मऊ चुनखडकात खोदलेली तळघरे आहेत. लुआरच्या राजवाड्यांसाठी दगड काढून झाल्यावर राहिलेल्या या गुहांमध्ये वर्षभर साधारण १२ अंशांचे तापमान टिकते, आणि पुढे घरी बाटली कशी ठेवायची याचे मोजमाप आपल्याला तिथूनच मिळते.

वूव्रेचे दोमेन ह्युए हे घराणे १९२८ पासून आहे. त्यांच्या ल ओ-लिय, ल मों आणि क्लो द्यू बूर या तीन बागांची वाइन वेगवेगळी बाटलीबंद होते, आणि १९९० च्या सुमारास त्यांनी बायोडायनॅमिक शेती स्वीकारली. साव्हेनिएरजवळच्या कुले द सेरां या सुमारे सात हेक्टरांच्या बागेत सिस्टर्शियन मठवासीयांनी ११३० मध्ये वेली लावल्याची नोंद सांगितली जाते, आणि निकोला जोली यांनी १९८० च्या दशकापासून ती बायोडायनॅमिक पद्धतीने चालवली. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टाइनर यांच्या १९२४ मधील व्याख्यानांतून निघालेल्या या पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात आणि नंतर पाण्यात ढवळून शिंपडतात. जीवामृत करणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. चंद्राच्या कलांप्रमाणे काम करण्याबद्दलचे त्यांचे दावे मला पटलेले नाहीत. मात्र जो माणूस इतक्या वेळा बागेत फिरतो त्याला पानावरचा पहिला डाग लवकर दिसतो, आणि या बागांच्या चांगलेपणाचा मोठा भाग मी त्या फिरण्याच्या खात्यावर मांडतो.

लेबल वाचताना

सर्वांत आधी एस, ई, सी ही तीन अक्षरे शोधावीत. त्यांचा उच्चार सेक होतो आणि वाइन ड्राय असल्याची ती खूण आहे. वूव्रेमध्ये एकाच बागेतून, एकाच वर्षी, ड्राय, अर्धवट गोड आणि पूर्ण गोड अशा तिन्ही वाइन निघू शकतात; सेकच्या आधी डेमी लिहिले असेल तर ती गोडसर निघेल आणि म्वालो लिहिले असेल तर ती गोडच असेल. युरोपच्या नियमानुसार ड्राय वाइनमध्ये लिटरमागे चार ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि आम्ल पुरेसे असेल तर नऊ ग्रॅमपर्यंतही चालते. साव्हेनिएर बहुतेक वेळा ड्रायच असते.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. वूव्रेचा मोठा भाग बुडबुड्यांची वाइन म्हणून विकला जातो आणि तिच्या लेबलावर मेथोद त्रादिस्योनेल असे शब्द असतात. पारंपरिक शेती शोधणाऱ्याचा हात नेमका त्या बाटलीकडे जातो. ते शब्द बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून बुडबुडे आणण्याच्या पद्धतीविषयी आहेत आणि बागेतील शेतीशी त्यांचा काहीही संबंध नाही. बुचावर तारेची जाळी असेल तर ती बाटली या लेखातली नव्हे.

शेतीविषयी खात्रीची खूण हवी असेल तर हिरव्या पार्श्वभूमीवर ताऱ्यांनी काढलेले पान पाहावे. ते युरोपच्या सेंद्रिय प्रमाणीकरणाचे चिन्ह आहे आणि ते मिळण्यापूर्वी द्राक्षबागेला तीन वर्षे रूपांतरणाचा काळ काढावा लागतो. फ्रान्सचे ए-बी हे हिरवे चिन्हही त्याच अर्थाचे आहे, आणि बायोडायनॅमिकसाठी डेमेटर किंवा बियोदिव्हँ ही नावे असतात. लेबलाच्या तळाशी "मी ऑं बुतेय ओ दोमेन" असे असेल तर द्राक्ष पिकवणाऱ्यानेच वाइन बाटलीबंद केली, असे समजावे. जुन्या वेलींची वाइन म्हणून "व्हिएय व्हीन्य" असे लिहितात, परंतु वेल किती वर्षांची झाली की जुनी म्हणायची याची फ्रान्समध्ये कायदेशीर व्याख्या नाही, त्यामुळे केवळ त्या शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

"सल्फाइट आहेत" ही ओळ वाचून काही जण दचकतात. सोनेरी बेदाण्याला आपण गंधकाची जी धुरी देतो, त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइडच वाइन टिकवण्यासाठी अल्प प्रमाणात वापरतात. ड्राय व्हाइट वाइनसाठी युरोपची कमाल मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि सेंद्रिय वाइनसाठी ती याहून कमी आहे. दमा असणाऱ्यांनी मात्र ही ओळ गांभीर्याने घ्यावी. शाकाहारी वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी: वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ, अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातील केसीन वापरतात, तर काही ठिकाणी बेंटोनाइट ही माती वापरतात. सेंद्रिय असणे म्हणजे शाकाहारी असणे नव्हे; त्यासाठी व्हीगन चिन्ह शोधावे किंवा विक्रेत्याला विचारावे.

विकत घेणे आणि घरी आणणे

आयात वाइनवर भारतात वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे, त्यामुळे फ्रान्समध्ये माफक वाटणारी बाटली पुण्यात आपल्याला फार महाग पडते. एवढे पैसे घालवायचे असतील तर दुकानातील बाटली कुठे ठेवली होती हे आधी पाहावे. उन्हाच्या काचेसमोर किंवा दिव्याखाली महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नये. बूच वर उचलले गेले असेल किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसत असेल तर ती तापलेली असण्याची शक्यता मोठी आहे, असे समजावे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला करमुक्त दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. सांगलीतील बहुतेक घरांसाठी हाच परवडणारा मार्ग आहे. वयाची अट आणि पिण्याचा परवाना याविषयीचे राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम पाळावेत आणि खरेदीचे बिल बाटलीबरोबर ठेवावे.

पुण्याहून सातारा, कराड आणि पेठ नाका मार्गे सांगलीला येताना बाटली डिकीत ठेवू नये. उन्हाळ्यात दुपारी जेवायला गाडी तासभर उन्हात उभी केली, तर डिकीतील तापमान वाइनला पुरते बिघडवण्याएवढे वाढते. ती वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या सीटच्या पायाशी, एसीच्या झोतापाशी ठेवावी आणि थांबा घेताना बरोबर उतरवावी. शक्य असेल तर एप्रिल-मे टाळून नोव्हेंबर ते जानेवारी या काळात खरेदी करावी. घरी आल्यावर दोन-चार दिवस तिला स्वस्थ पडू द्यावे.

सांभाळणे

वूव्रेच्या गुहेतील १२ अंश आपल्याकडे वाइनचे खास कपाट घेतल्याशिवाय मिळणार नाहीत, आणि दोन-तीन बाटल्यांसाठी ते घेण्याची गरज नाही. घरच्या फ्रिजचा खालचा कप्पा काही महिन्यांसाठी पुरेसा आहे. बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते आणि आत हवा शिरत नाही. स्क्रूचे झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालते. दारातील कप्प्यात ठेवू नये, कारण प्रत्येक वेळी दार उघडताना ती हलते आणि तापते. लसणाची चटणी, सुके मासे किंवा उघडे लोणचे तिच्या शेजारी नसावे. माळा, फ्रिजवरची जागा, गॅसशेजारचे कपाट आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले फडताळ या सगळ्या जागा वर्ज्य आहेत. जुन्या वाड्याचे मातीच्या जाड भिंतींचे माजघर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात चांगले काम देते, पण होळीनंतर तिथूनही बाटली फ्रिजमध्ये हलवावी.

चांगली वूव्रे किंवा साव्हेनिएर तळघरात दशकानुदशके टिकते आणि सुधारते, हे खरे आहे. सांगलीच्या घरात मात्र ते स्वप्न पाहू नये. आणलेली बाटली वर्षभरात उघडावी.

उघडणे आणि ओतणे

फ्रिजमधून काढलेली वाइन सुमारे ४ अंशांवर असते आणि तेवढ्या थंडीत शेनिनचा वासच येत नाही. ती १० ते १२ अंशांवर प्यावी. हिवाळ्यात बाहेर काढून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. एप्रिलच्या संध्याकाळी दहा मिनिटेही पुरतात. स्वयंपाकघरातील साधा थर्मामीटर असेल तर पहिल्या एक-दोन वेळा मोजून पाहावे, नंतर हाताला अंदाज येतो. बाटली गरम असेल आणि पाहुणे दारात असतील तर बादलीत बर्फ, त्यात पाणी आणि दोन मुठी मीठ घालून तीत ती गळ्यापर्यंत बुडवावी, म्हणजे वीस मिनिटांत काम होते. नुसत्या बर्फात ती लवकर गार होत नाही. फ्रीजरमध्ये ठेवून विसरल्यास आतील द्रव फुगून बूच बाहेर ढकलले जाते, म्हणून तो मार्ग नको. पेल्यात बर्फ तर मुळीच घालू नये. बागेने एकरी तीन टनांत जे साठवले ते पाण्यात विरघळवण्यात अर्थ नाही.

गळ्यावरील वेष्टन कडेच्या खालच्या बाजूने कापावे, ओल्या फडक्याने बाटलीचे तोंड पुसावे, बूचस्क्रू मधोमध सरळ फिरवावा आणि बूच सावकाश ओढावे. बुचाच्या आतल्या टोकाला किंवा तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे पांढरे खडे दिसले तर घाबरू नये; द्राक्षातील टार्टारिक आम्ल थंडीत पोटॅशियमबरोबर खडे धरते, ते निरुपद्रवी असतात. याउलट बुचाला आणि वाइनला ओल्या, बुरशी आलेल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर बुचाच्या दोषाने ती बाटली वाया गेली आहे आणि तिची चव नंतर सुधारत नाही.

पेला काचेचा, पातळ, देठाचा आणि तोंडाशी किंचित आवळलेला असावा. तो एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वाइन फिरवायला आणि वास साठायला जागा राहते. देठ धरून प्यावे, नाहीतर सांगलीच्या हवेत तळहाताची ऊब पाच मिनिटांत थंडावा घालवते.

आता ज्यासाठी एवढे केले ती गोष्ट. ओतल्यावर रंग फिकट सोनेरी असावा. पहिल्या वासात हिरवे सफरचंद, नाशपाती आणि लिंबाची साल, मग पेला थोडा फिरवल्यावर मध आणि मधमाश्यांचे मेण येते, आणि मुरलेल्या शेनिनमध्ये आणखी एक वास असतो, जो पावसात भिजलेल्या घोंगडीसारखा आहे. जत-आटपाडीकडे धनगरांच्या वाड्यावर पावसाळ्यात उभा राहिलेला माणूस तो क्षणात ओळखेल. इथे नवख्याची गफलत होते. नाकाला मध जाणवल्यामुळे जीभ गोडीची अपेक्षा करते, आणि घोट घेतल्यावर गोडीऐवजी आंबटपणाची एक ताठ रेघ जिभेच्या दोन्ही कडांनी मागे जाते, तोंडाला पाणी सुटते. पहिला घोट त्यामुळे अनेकांना रुचत नाही. तो लगेच गिळू नये. तोंडात दोन-तीन सेकंद फिरवावा, गिळल्यावर चव किती वेळ राहते ते पाहावे आणि दुसरा घोट खाण्याबरोबर घ्यावा.

शक्य असेल तर शेजारी नाशिकची शेनिन त्याच तापमानावर ओतावी. महाराष्ट्रातील अनेक शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम राखलेली असते आणि फळाचा, विशेषतः पिकलेल्या पेरूचा व अननसाचा वास पुढे येतो. ती आधी चाखली तर लुआरची वाइन अधिकच आंबट वाटते, म्हणून क्रम उलटा ठेवावा: आधी लुआर, मग नाशिक. यात स्पर्धा लावू नये. एकाच जातीवर ऊन आणि थंडी काय परिणाम करतात, हे बागायतदाराच्या जिभेला इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे कळणार नाही.

बरोबर काय वाढावे

द्राक्षाच्या गावात वाइन उघडली की यजमान आपसूक बेदाणे आणि द्राक्षांची प्लेट पुढे करतो. या वाइनबरोबर तेवढे करू नये. बेदाण्याची गोडी जिभेवर बसली की ड्राय वाइन नुसती आंबट आणि पातळ लागते. पुरणपोळी, श्रीखंड आणि गुळाची कोणतीही भाजी याच कारणाने बाजूला ठेवावी. झणझणीत तिखटही तिला मारते, कारण मिरचीने भाजलेल्या जिभेला अल्कोहोल अधिक जाळते. तांबडा रस्सा म्हणून बाद, पण पांढरा रस्सा तिचा उत्तम जोडीदार आहे: नारळाचे दूध, काजू आणि खसखस यांचा स्निग्धपणा आणि शेनिनचे आम्ल एकमेकांना सावरतात.

लसूण, शेंगदाणे आणि मीठ असलेले भडंग, तिखट कमी घालून, हा सांगलीच्या बैठकीसाठी माझ्या मते सर्वांत चांगला मेळ आहे. तळलेली कोथिंबीर वडी चालते. अळूवडीत चिंच-गूळ हलका ठेवावा. कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत कच्चा कांदा न घालता, दह्यात कालवून आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन केले, तर भाजलेल्या सालीचा धुरकट वास वाइनमधील मेणाच्या वासाला छान मिळतो. मासे खाणाऱ्यांनी मरळ किंवा रोहूचे तुकडे हळद-मीठ-लिंबू लावून रव्यात परतावेत. हुरड्याच्या दिवसांत कोवळा हुरडा, लोणी आणि शेंगदाण्याची फिकी चटणी याबरोबर ती फार शोभते. तूरच्या परिसरात लोक ही वाइन सँत-मोर द तुरेन या शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर घेतात. ते न मिळाल्यास ताजे पनीर तव्यावर कोरडे परतून वर मिरपूड आणि मीठ भुरभुरावे.

एका बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात, आणि १३ टक्क्यांच्या अशा एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. चौघांत एक बाटली पुरेशी आहे. गरोदर स्त्रियांनी, औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी ती घेऊ नये.

उरलेली वाइन बूच लावून लगेच फ्रिजमध्ये उभी ठेवावी. ड्राय शेनिन दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा अधिक मोकळी लागते, तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पिण्यायोग्य राहते. त्यानंतर ती ओतून देण्याऐवजी स्वयंपाकात घ्यावी: कांदा आणि लसूण लोण्यात परतल्यावर अर्धी वाटी वाइन घालून ती निम्मी आटेपर्यंत उकळावी, मग त्यात मशरूम किंवा माशाचे तुकडे आणि शेवटी दोन चमचे साय घालावी. लोखंडी किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात हे करू नये, कारण वाइनचे आम्ल धातूला लागते आणि चव बिघडते. स्टीलची कढई घ्यावी.